ओली जमीन आणि घोड्याचा पाय : माझगाव परिसराच्या संदर्भात पादव्रणांचा विचार

घोड्याच्या पायावरील व्रण हा विषय वरकरणी लहान वाटतो. पशुवैद्यकाच्या पाठ्यग्रंथांत तो त्वचारोग, शल्यशास्त्र, कृमिशास्त्र आणि संसर्गजन्य रोग अशा निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेला असतो, आणि विद्यार्थी त्याचे तुकडे वेगवेगळ्या वर्षी शिकतो. परंतु प्रत्यक्षात घोडा उभा असतो तो एकाच जागी. त्याच्या पायाखालची जमीन, त्या जमिनीवर साचलेले पाणी, शेजारचा लिदीचा ढीग, त्यावरच्या माश्या, पायाला बांधलेला दोर आणि खुराला ठोकलेला नाल या सर्वांचा परिणाम एकाच कातडीवर एकाच वेळी होत असतो. म्हणून उघड्यावर किंवा अर्धवट आडोशाला ठेवलेल्या घोड्याच्या पादव्रणांचा विचार स्थानाच्या अनुषंगाने करणे अधिक फलदायी ठरते. प्रस्तुत लेखात मुंबईतील माझगाव व त्यालगतचा भायखळा-परळ हा पट्टा नमुना म्हणून घेतला असून व्रणांची कारणे, निदान, उपचार आणि प्रतिबंध यांची मांडणी त्या क्रमाने केली आहे.

१. स्थळ आणि प्राणी

माझगाव हे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एक. त्याच्या टेकडीचा भाग उंच व कोरडा. परंतु पश्चिमेकडे, भायखळ्याच्या बाजूस, जमीन पूर्वी भरतीच्या पाण्याखाली जात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीजवळची खिंड बांधाने बुजविण्यात आली आणि पुढे क्रमाक्रमाने भराव पडून ही सखल भूमी वसाहतीस योग्य झाली. तथापि भराव घातला तरी उतार निर्माण होत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, व मोठी सर आणि समुद्राची भरती एकत्र आली की सखल भागातले पाणी तासन् तास हटत नाही. पायाने चालणाऱ्या प्रत्येक प्राण्याला हे पाणी सोसावे लागते. बांधून ठेवलेल्या प्राण्याला ते टाळताही येत नाही.

या भूमीशी घोड्याचा संबंध जुना आहे. मुंबई हे अरबी घोड्यांच्या आयातीचे मोठे बंदर होते, आणि घोड्यांच्या शर्यती १८८३ साली महालक्ष्मीस जाण्यापूर्वी भायखळ्याच्या मैदानावर होत असत. १८७४ साली मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांच्या बळावर. घोड्यांची ट्राम १९०५ साली बंद झाली व १९०७ साली विजेची ट्राम धावू लागली. परंतु भाड्याची व्हिक्टोरिया त्यानंतरही शतकभर शहरात टिकून राहिली. एवढ्या घोड्यांच्या शुश्रूषेची सोयही याच पट्ट्यात झाली. परळ येथे दिनशा माणेकजी पेटीट यांच्या दानातून उभे राहिलेले बाई साकरबाई पशुरुग्णालय आणि त्याच आवारात १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय ही त्याची ठळक उदाहरणे होत. महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील यांनी ब्रह्मदेशातील लष्करी खेचरांच्या 'सर्रा' या रोगावर संशोधन केले होते. त्या रोगातही पायांवर सूज येते ही गोष्ट पुढे निदानाच्या विवेचनात उपयोगी पडेल.

राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानात, १९६५ साली फोर्ट भागातून हलविलेला 'काळा घोडा' उभा आहे. वर्षानुवर्षे पावसात उभे राहूनही त्याच्या पायांना काही होत नाही, कारण तो धातूचा आहे. जिवंत घोड्याच्या पायाला काय होते हे समजण्यासाठी त्या पायाची रचना प्रथम पाहिली पाहिजे.

२. पायाची रचना आणि जखमेची मंद गती

घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला सामान्यतः गुडघा म्हणतात तो शरीररचनेच्या दृष्टीने मनगटाचा सांधा होय. आणि मागच्या पायाचा जो सांधा पाहणाऱ्यास उलट्या गुडघ्यासारखा वाटतो तो वस्तुतः टाचेचा सांधा होय. या दोन सांध्यांच्या खाली स्नायूंचे मांस जवळजवळ नाहीच. हाडे, कंडरा, अस्थिबंध, रक्तवाहिन्या आणि त्यांवर ताणून बसविलेली कातडी एवढेच तेथे असते. शरीराच्या अन्य भागावर जखम झाली असता भोवतालची सैल कातडी आकसून जखमेचे क्षेत्र झपाट्याने लहान होते. पायाच्या खालच्या भागात कातडीला अशी सैलाई नसल्याने हे आकुंचन फारच थोडे होते, आणि जखम भरण्याचा बहुतेक भार कडेकडून सरकत येणाऱ्या नव्या त्वचापेशींवर पडतो. त्यांची गती धडावरील जखमेच्या मानाने मंद असते.

यातच दुसरी अडचण अशी की, घोड्याच्या पायावरील जखमेत मांसांकुरांची वाढ मर्यादेबाहेर होण्याची प्रवृत्ती असते. लालबुंद, दाणेदार, सहज रक्त येणारे हे अंकुर कातडीच्या पातळीच्या वर उठले की कडेच्या पेशींना त्यांच्यावर चढता येत नाही आणि जखम महिनोन् महिने उघडी राहते. मोठ्या जातीच्या घोड्यांत ही प्रवृत्ती अधिक व तट्टांत कमी असते असे आढळून आले आहे. हालचाल, दीर्घकाळ टिकणारा जंतुसंसर्ग, जखमेत राहिलेला हाडाचा किंवा काचेचा कण आणि तिखट औषधांचा मारा ही या अतिवाढीस उत्तेजन देणारी कारणे होत. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : घोड्याच्या पायावर लहानशी जखमही क्षुल्लक नसते, आणि ती होऊ न देणे हे ती बरी करण्यापेक्षा अनेक पटींनी स्वस्त असते.

३. 'बरसाती' : एक नाव, अनेक कारणे

पावसाळ्यात घोड्याच्या पायांवर, ओठांवर, डोळ्यांच्या कोपऱ्यांत व पोटाखाली चिघळणारे, खाजणारे आणि थंडी पडू लागताच पुष्कळदा आपोआप ओसरणारे व्रण हिंदुस्थानात फार पूर्वीपासून 'बरसाती' या नावाने ओळखले जातात. हे नाव अश्वपालकांनी दिलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लष्करी पशुवैद्यांनी ते तसेच उचलले आणि त्या व्रणांत सापडणाऱ्या कठीण पिवळसर कणांनाही त्यांनी येथलाच 'कंकर' हा शब्द लावला. नाव ऋतूवरून पडले होते. कारणाविषयी मात्र दीर्घकाळ अंधार होता.

या अंधारात पहिला प्रकाशकिरण मुंबईतच दिसला, पण तो त्या वेळी कोणास ओळखता आला नाही. मुंबईत काम करणारे शल्यवैद्य व निसर्गाभ्यासक हेन्री जॉन कार्टर यांनी १८६१ साली घरमाशीच्या शरीरात राहणाऱ्या एका सूक्ष्म सूत्रकृमीचे वर्णन प्रसिद्ध केले. घोड्याशी या कृमीचा काही संबंध असेल अशी कल्पना त्या वेळी नव्हती. सुमारे पन्नास वर्षांनी, १९१३ साली, अमेरिकेतील ब्रेटन रॅन्सम यांनी या कृमीचे संपूर्ण जीवनचक्र मांडले आणि कार्टर यांना माशीत दिसलेला जीव हा घोड्याच्या जठरात राहणाऱ्या कृमीचीच बाल्यावस्था होय हे सिद्ध झाले. आज हा कृमी 'हॅब्रोनेमा मस्की' या नावाने ओळखला जातो व त्याच्या नावापुढे कार्टर यांचा उल्लेख केला जातो.

जीवनचक्र असे आहे. प्रौढ कृमी घोड्याच्या जठरात असतो. त्याची अंडी किंवा अळ्या लिदीतून बाहेर पडतात. लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अळ्या त्या गिळतात. माशीची अळी कोशात जाऊन माशी होईपर्यंत कृमीची अळीही तिच्या शरीरात वाढून संसर्गक्षम होते आणि माशीच्या सोंडेत येऊन थांबते. माशी घोड्याच्या उबदार व ओलसर ओठांवर बसली की अळ्या बाहेर येतात, गिळल्या जातात आणि जठरात पोहोचून प्रौढ होतात. परंतु माशी जखमेवर बसली तर अळ्या जखमेत शिरतात. तेथे त्यांची वाढ होत नाही. त्या मरतात, आणि मरताना घोड्याच्या शरीरात तीव्र प्रतिक्रिया उत्पन्न करतात. परिणामी जखम भरण्याऐवजी फुगते, तांबूस-करड्या मांसाची होते, तिला असह्य खाज सुटते आणि तीत तांदळाच्या कणीसारखे पिवळे दाणे दिसू लागतात. म्हणजे माशीने नवा व्रण निर्माण केलेला नसतो. दोराने, नालाने किंवा चिखलाने अगोदर केलेल्या लहान जखमेचे तिने बरसातीत रूपांतर केलेले असते.

येथे कथा संपत नाही. फ्रेडरिक स्मिथ या लष्करी पशुवैद्यांनी १८८४ साली बरसातीच्या ऊतींत बुरशीसारखे तंतू पाहिल्याचे नमूद केले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी डच अमलाखालील इंडोनेशियात अशाच व्रणांतून तंतुमय जीव वेगळा करण्यात आला, आणि १९८७ साली त्याला 'पायथियम इन्सिडिओसम' हे नाव मिळाले. हा जीव खऱ्या अर्थाने बुरशी नव्हे. त्याचे चलनशील बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत असतात व केस आणि जखम यांकडे आकृष्ट होऊन तेथे रुजतात. पाण्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पायाचा खालचा भाग त्याचे आवडते स्थान होय. हा व्रण झपाट्याने पसरतो, त्यातून चिकट रक्तमिश्रित स्राव गळतो, आणि त्यातील कंकर पोवळ्यासारखे फाटे फुटलेले व आकाराने मोठे असतात.

अशा प्रकारे एका ऋतुवाचक नावाखाली निदान दोन स्वतंत्र रोग नांदत होते. जुन्या वर्णनांतील मतभेदांचे मूळ यातच आहे. कृमी पाहणारा चूक नव्हता आणि तंतू पाहणाराही चूक नव्हता. प्रत्येकाच्या हाती वेगळ्या घोड्याचा पाय होता. आजच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, बरसाती हे निदान नसून वर्णन आहे. व्रणाच्या कडेचा तुकडा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावाचून उपचार ठरविणे धोक्याचे आहे, कारण कृमिजन्य व्रणाला काही आठवडे थांबता येते, परंतु पायथियमचा व्रण थांबत नाही.

४. ओलाव्याचा त्वचारोग

पावसाळ्यात अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात हे सर्वपरिचित आहे. घोड्याच्या खुराच्या लगेच वर, मागच्या बाजूच्या खोलगट भागात, याच्याशी सदृश अवस्था होते. सतत ओल्या राहिलेल्या कातडीचा वरचा थर फुगून मऊ पडतो, चिखलातील बारीक खडे तो खरवडतात आणि जंतूंना वाट मिळते. त्या जंतूंपैकी प्रमुख 'डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस' होय. बेल्जियन काँगोमध्ये व्हान सासेगेम यांनी १९१५ साली त्याचे प्रथम वर्णन केले. कोरड्या खपलीत हा जंतू दीर्घकाळ निद्रिस्त राहू शकतो; खपली भिजली की त्याचे चलनशील बीजाणू बाहेर पडून नव्या जागी जातात. म्हणून एकाच ओल्या फडक्याने चारही पाय पुसणे, किंवा एकाच ब्रशाने चार घोड्यांना खरारा करणे, म्हणजे रोगाची पेरणी करणे होय.

आरंभी केसांचे झुबके एकत्र चिकटतात. खपली उचलली की केसांची मुळे तिच्याबरोबर येतात आणि ती रंगाच्या कुंचल्यासारखी दिसते. खाली ओलसर, गुलाबी, दुखरी कातडी असते. पांढऱ्या पायांची रंगहीन कातडी अधिक लवकर बळी पडते. उपेक्षा झाल्यास भेगा पडतात, पाय सुजतो आणि घोडा लंगडू लागतो. खपलीचा लेप रंगवून पाहिल्यास गोलाणूंच्या समांतर रांगा, रुळांच्या जोडीसारख्या, दिसतात व निदान पक्के होते. माइट, खरी बुरशी आणि अन्य जिवाणू हेही अशीच लक्षणे उत्पन्न करीत असल्याने ही तपासणी टाळू नये.

५. दोर, नाल आणि उभे राहणे

उघड्यावर घोडा बांधण्याची येथील रूढ पद्धत आगाडी-पिछाडीची आहे. पुढून मोहरकीचे दोर आणि मागून पायांना बांधलेला मेखेचा दोर यांच्या योगे घोडा थोड्या जागेत स्थिर राहतो. दोष पद्धतीत नसून दोरात आहे. काथ्याचा किंवा नायलॉनचा अरुंद दोर ओला झाला की ताठरतो, माशीमुळे पाय आपटणाऱ्या घोड्याच्या पायाला दिवसाकाठी शेकडो वेळा घासतो, आणि खुराच्या वर आडवा, कडा जाडावलेला व्रण तयार होतो. रुंद, आतून मऊ कापडाचे किंवा लोकरी नमद्याचे अस्तर असलेला, रोज सोडून वाळविला जाणारा पट्टा वापरल्यास यातील बहुतेक व्रण होतच नाहीत.

आतल्या बाजूस, दोन्ही पायांवर समोरासमोर जखमा आढळल्यास चालताना एका पायाचा नाल दुसऱ्या पायास लागतो असे समजावे. थकवा, वाढलेले खूर, बाहेर डोकावणारा नालाचा काठ किंवा वर आलेले खिळ्याचे टोक ही त्याची कारणे होत. येथे मलम निरुपयोगी आहे. नालबंदास बोलावणे हाच उपचार.

तिसरे कारण निश्चलता हे होय. रोज गाडी ओढणारा घोडा एखादा दिवस पूर्ण चंदी खाऊन नुसता उभा राहिला तर पायातील लसीकेचा प्रवाह मंदावतो. पायावरच्या एखाद्या न दिसणाऱ्या ओरखड्यातून शिरलेले जंतू कातडीखाली पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी मागचा पाय वरपर्यंत सुजलेला, गरम व अत्यंत दुखरा आढळतो. विश्रांतीच्या दिवशी चंदी कमी करणे आणि घोड्यास थोडे फिरविणे हा यावरील सोपा प्रतिबंध आहे.

६. विलंब न सोसणाऱ्या अवस्था

पुढील चार प्रसंगी घरगुती उपचार न करता पशुवैद्यास तत्काळ पाचारण केले पाहिजे.

पहिला, सांध्याजवळची किंवा कंडरेवरची जखम. तिच्यातून पिवळसर, तेलकट, तार धरणारा द्रव येत असल्यास सांधा उघडा पडला असण्याचा संभव असतो. मोठी, फाटलेली जखम भयंकर दिसते, परंतु खिळ्याने सांध्याजवळ पडलेले छिद्र तिच्याहून घातक ठरते. कारण ते वरून मिटते आणि आत पू साठतो.

दुसरा, धनुर्वात. त्याचे जंतू मातीत व खुद्द घोड्याच्या लिदीत असतात, आणि घोडा हा या विषाला विशेष बळी पडणारा प्राणी आहे. नियमित लसीकरण हाच खरा उपाय. लस न दिलेल्या घोड्यास जखम होताच प्रतिविष द्यावे लागते. परळच्या हाफकिन संस्थेत पिढ्यान् पिढ्या प्रतिविषे तयार झाली ती घोड्यांच्याच रक्तरसापासून, हे येथे स्मरणीय आहे. माणसाला ज्या प्राण्याने हे संरक्षण दिले, तोच तबेल्यात पुष्कळदा त्यावाचून राहतो.

तिसरा, ग्लँडर्स. मागच्या पायावर लसीकावाहिन्यांच्या रेषेत गाठी उठून त्या फुटतात, मधासारखा स्राव येतो, आणि क्वचित नाकातूनही स्राव वाहतो. हा रोग माणसास होतो व तो प्राणघातक ठरू शकतो. त्याच्या नियंत्रणासाठी हिंदुस्थानात १८९९ सालीच स्वतंत्र कायदा झाला होता. आज तो रोग २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याखाली येतो. २००६ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत तो पुन्हा आढळला. अशा घोड्यावर उपचार करीत बसणे अयोग्य आहे. त्यास वेगळे करून अधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे.

चौथा, चारही पायांवर वेदनारहित सूज, अधूनमधून ताप आणि खंगत जाणे. येथे सर्राचा संशय घेऊन रक्त तपासावे. पायावर पट्टी बांधून काही साधत नाही.

७. उपचाराचा क्रम

ताज्या जखमेस प्रथम स्वच्छ पाणी पुरेसे असते. मंद धारेने दहा मिनिटे धुतल्यास माती व जंतू यांचा मोठा भाग निघून जातो. त्यानंतर उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ या प्रमाणातील द्रावणाने धुवावे. पोव्हिडोन आयोडीन अथवा क्लोरहेक्सिडीन वापरावयाचे तर फिक्के करून. कारण तीव्र जंतुनाशक जंतूंबरोबर नव्या पेशींचाही नाश करते. रॉकेल, चुना, राख, वंगण आणि मोरचूद यांचा वापर तबेल्यांतून अद्याप आढळतो. मोरचुदाने अंकुर जळतात हे खरे. परंतु त्याबरोबर कडेची नवी त्वचाही जळते आणि अंकुर पुन्हा दुप्पट जोमाने उठतात. कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने धुण्याची जुनी रीत निदान या अर्थाने निरुपद्रवी आहे की, तीत पाणी उकळले जाते.

पट्टी तीन थरांची असावी : जखमेला न चिकटणारा आतला थर, स्राव शोषणारा कापसाचा जाड मधला थर, आणि सारख्या ताणाने गुंडाळलेला बाहेरचा थर. पातळ कापसावर घट्ट गुंडाळलेली पट्टी कंडरांना इजा करते; सैल पट्टी घसरून दोरासारखी काचते. भिजलेली पट्टी त्याच दिवशी बदलावी, कारण ओली पट्टी म्हणजे पायाला बांधलेले डबकेच होय. अंकुर कातडीच्या वर आल्यास ते पशुवैद्याने शस्त्राने समतल करावेत. अंकुरांत मज्जातंतू नसल्याने घोड्यास वेदना होत नाहीत, परंतु रक्तस्राव पुष्कळ होतो.

ओलाव्याच्या त्वचारोगात केस कापावेत, खपल्या ओल्या औषधाने मऊ करून हलक्या हाताने काढाव्यात, क्लोरहेक्सिडीनचे द्रावण दहा मिनिटे राहू द्यावे, मग धुऊन पाय संपूर्ण कोरडा करावा. या क्रमातील शेवटची क्रिया सर्वांत महत्त्वाची असून तीच सर्वाधिक टाळली जाते. ओल्या पायावर तेलकट मलम लावल्यास ओलावा आत कोंडला जातो. काढलेल्या खपल्या तबेल्यात न टाकता जाळाव्यात. रोग पसरलेला असल्यास पेनिसिलिनची योजना पशुवैद्य करतो.

कृमिजन्य बरसातीवर आयव्हरमेक्टिन हे औषध शरीराच्या दर किलोग्रॅमला ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणात तोंडावाटे दिले जाते. त्याने जखमेतील अळ्या व जठरातील प्रौढ कृमी हे दोन्ही मरतात. प्रतिक्रिया शमविण्यासाठी स्टेरॉइड औषधांचा विचार पशुवैद्याने करावयाचा असतो. पायथियमच्या व्रणात सामान्य बुरशीनाशके फारशी लागू पडत नाहीत, कारण ती ज्या द्रव्यावर आघात करतात ते या जीवाच्या पेशीपटलात जवळजवळ नसते. लवकर व विस्तृत शस्त्रक्रिया हाच मुख्य मार्ग; आणि पायावर विस्तृत छेद घेण्यास जागाच नसल्याने येथे एकेक दिवसाचे मोल आहे.

जखमेत किडे पडल्यास ते चिमट्याने काढून जखम धुवावी. 'क्रायसोमिया बेझियाना' या माशीच्या अळ्या सडलेल्या मांसावर न थांबता जिवंत मांसात शिरतात, म्हणून वरवरचे किडे काढून समाधान मानू नये.

८. प्रतिबंध

वरील सर्व विवेचनातून प्रतिबंधाची सूत्रे सहज निघतात. पहिले सूत्र जमिनीचे. घोडा दिवसभर बाहेर असला तरी चोवीस तासांतून काही तास त्याचे पाय पूर्ण कोरडे झाले पाहिजेत. त्यासाठी भोवतालच्या जमिनीहून उंच, उताराचा, खडबडीत फरशीचा ओटा, त्यावर छप्पर आणि कडेने वाहती मोरी एवढे पुरे होते. संपूर्ण तबेला कोरडा ठेवणे परवडत नसेल तर घोडा उभा राहील तेवढी जागा तरी कोरडी ठेवणे शक्य असते.

दुसरे सूत्र लिदीचे. मुंबईच्या उष्ण हवेत घरमाशी अंड्यापासून पूर्ण होण्यास सुमारे सात ते दहा दिवस लागतात. लिद रोज उचलून दूर नेल्यास किंवा झाकून कुजविल्यास माशीची पिढी पुरी होत नाही, आणि कार्टर यांनी पाहिलेल्या कृमीचे चक्र तेथेच तुटते.

तिसरे सूत्र धुण्याचे. कामावरून आल्यावर दररोज पाय खळखळून धुण्याची सवय चांगली समजली जाते. परंतु न वाळविता धुणे हे न धुण्याहून वाईट. चिखल वाळू देऊन झाडणे, अथवा धुतल्यास कोरड्या फडक्याने खुराच्या मागच्या घळीपर्यंत पुसणे, यांपैकी एक करावे.

चौथे सूत्र हाताचे. मोतद्दाराने रोज सकाळी डोळ्यांवर न विसंबता चारही पायांवरून तळहात फिरवावा. उष्णता, सूज, चिकटलेला केस किंवा घोड्याने झटकलेला पाय ही लक्षणे हाताला डोळ्याच्या आधी कळतात. पहिल्या दिवशी सापडलेली खपली दोन आठवड्यांत बरी होते. महिन्याने सापडलेला व्रण पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकतो.

९. उपसंहार

व्रणाला एक सामाजिक बाजूही आहे. जखम, व्रण किंवा आजार यांमुळे अपात्र झालेल्या प्राण्यास कामास जुंपणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे, आणि १८९० च्या पूर्वीच्या कायद्याचा हेतूही तोच होता. परंतु भाड्याची गाडी चालविणाऱ्याच्या दृष्टीने घोड्याचा विश्रांतीचा दिवस म्हणजे घरातील चूल न पेटण्याचा दिवस. कायदा जखम झाल्यानंतरचा विचार करतो. जखम न होण्याची सोय कोणी करावयाची, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिला. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील मौजेखातर चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या, घोड्यांच्या तबेल्यांना परवाने नसल्याकडे लक्ष वेधले आणि गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्याचा आदेश दिला. २०२१ साली त्याच धाटणीच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या.

यामुळे माझगाव-भायखळ्याच्या रस्त्यांपुरता प्रश्न मिटला असे वाटेल. परंतु घोडा महाराष्ट्रातून गेलेला नाही. जेथे मोटारींना सामान्यतः बंदी आहे त्या माथेरानमध्ये, लग्नाच्या वरातींत आणि अनेक पर्यटनस्थळी तो आजही उभा आहे, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस मुंबईच्या पावसाहून कमी नाही. मुंबईच्या अनुभवाचे मोल येथेच आहे. बरसातीचे नाव अश्वपालकांनी ठेवले, माशीतील कृमी मुंबईत दिसला, रुग्णालय व महाविद्यालय परळला उभे राहिले. तरीही सखल जमिनीवर पाण्यात उभ्या असलेल्या घोड्याचा पाय चिघळतच राहिला. ज्ञान उपलब्ध होते, पण ते घोड्याच्या पायाखालच्या फरशीपर्यंत पोहोचले नव्हते. पादव्रणाचा उपचार औषधाच्या बाटलीत सुरू होत नाही, तो घोडा ज्या जागी रात्र काढतो तेथे सुरू होतो. आणि पशुवैद्यकाच्या पदवीधराने तबेल्यात शिरताना व्रण पाहण्यापूर्वी खालची जमीन पाहावी, एवढाच या विवेचनाचा निष्कर्ष आहे.